लव्हाळ्याची परीक्षा

तुम्ही माती उकरून बघितली नाहीत. माझा आरोप एवढाच आहे, आणि तो मी तोंडावर करतोय. कांचनाच्या सावलीत तुमच्यासाठी तीन खुर्च्या टाकल्या होत्या. समोर पाण्याच्या सीलबंद बाटल्या, ताटलीत बिस्किटं. चौदा माणसांचं पुढचं आयुष्य ठरवायला तुम्ही आला होतात, आणि सबंध सकाळभरात तुमच्यातला एकजणही खाली वाकला नाही.

मार्चमधला मंगळवार होता. एकवीस वर्षं झाली. सकाळी आठलाच आम्ही चौदा माळी तळ्याच्या बागेत पंपघरासमोर उभे होतो. छातीवर लावायला मुकादमानं कागदाचे नंबर वाटले. मला इंग्रजी नऊ आला, अनसाक्काला दहा.

"सरळ लाव की रं," अक्का म्हणाली. "उलटा लावलास. सहा दिसायलाय."

"राहू दे तसाच, अंकुश," मागून अब्बासभाई म्हणाला. "सहाच पाहिजेत त्यांना. नंबर बघूनच पास करतील."

सगळे हसले. हसलो तरी कुणाच्या पोटात सकाळपासून चहाशिवाय काही गेलं नव्हतं.

आम्ही चौदाहीजण ठेकेदाराची माणसं होतो. बाग महापालिकेची, गवत महापालिकेचं, आम्ही मात्र ठेकेदाराचे. कुणी सात वर्षं राबत होतं, कुणी बारा. अनसाक्का, म्हणजे अनसूया भडकुंबे, पंधरा वर्षं. त्या वर्षी तुम्ही ठरवलंत की चौदातले सहा माळी परीक्षा घेऊन कायम करायचे, उरलेल्या आठांनी एकतीस मार्चला घरी जायचं. एक एप्रिलपासून बागा एजन्सीकडे. एजन्सी गवत कापायची यंत्रं आणणार होती, यंत्रं चालवणारी पोरं तिची तीच आणणार होती. अक्का चव्वेचाळीस वर्षांची. कायम व्हायची वयाची अट पंचेचाळीस. म्हणजे हा मंगळवार हुकला तर तिच्यासाठी दुसरा मंगळवार नव्हता.

नंबर लावता लावता अक्कानं मला विचारलं, "काल जालिंदर तुला चहाला घेऊन गेलता. काय म्हणत होता?"

जालिंदर म्हणजे आमचा मुकादम.

"काही नाही. वेळेवर या म्हणाला."

"एवढं सांगायला चहा पाजला? जालिंदरनं?" ती माझ्याकडं बघत राहिली. "त्यानं स्वतःच्या बापाच्या तेराव्याला कुणाला चहा पाजला नाही."

मी हसलो आणि नंबर सरळ करायच्या निमित्तानं मान खाली घातली.

अक्काबद्दल सांगायला हवं. मी बागेत आलो तो बेकरीतून. भट्टीवर अकरा वर्षं काढली, बेकरी बंद पडली, मग ज्यानं बोलावलं त्याच्याकडं गेलो. मला खुरपं कुठल्या हातात धरायचं ते माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी मला गुलाबाच्या वाफ्यातला लव्हाळा काढायला बसवलं. लव्हाळा म्हणजे ते बारीक, तकतकीत पात्यांचं तण. दिसायला गवत, पण गवत नव्हे. मी दोन्ही हातांनी उपटत सुटलो. दुपारपर्यंत ढीग घातला. मुकादम म्हणाला, शाबास. पाच दिवसांनी अक्कानं माझी कॉलर धरून मला त्याच वाफ्यापाशी नेलं.

"मोज," म्हणाली.

मी मोजायला लागलो. जिथं एक उपटला होता तिथं दोन-तीन कोंब वर आले होते.

"हे तू पेरलंस," ती म्हणाली. मग खाली बसली, खुरपं वीतभर लांबून तिरकं घातलं आणि ढेकूळ अलगद उचललं. त्यात शेंगदाण्याएवढ्या काळ्या गाठी होत्या. एका गाठीला बारीक दोरा, दोऱ्याच्या टोकाला दुसरी गाठ, तिच्या खाली तिसरी. "वरून ओढलं की दोरा तुटतो. खालची गाठ झोपलेली असती, ती जागी होती. आधी पाणी द्यायचं. मुरू द्यायचं. मग दोऱ्यासकट उचलायचं. घाई असेल त्यानं लव्हाळ्याला हातच लावू नये."

नऊ वर्षं मी तसंच काढत आलो. बागेतल्या चौदांपैकी हे असं करणारे दोघंच, ती आणि मी.

परीक्षेला तुम्ही नेमका लव्हाळा काढायला लावलात.

कारंज्यामागच्या मोकळ्या जागेत चौदा वाफे आखले होते. दहा फूट लांब, चार फूट रुंद. पंधरा दिवस त्या जागेला पाणी दिलं नव्हतं, माती विटेसारखी झाली होती. वाफ्यात लव्हाळा दाट माजलेला. तुमच्यातले गॉगलवाले साहेब उठले, घड्याळ बघितलं आणि मोठ्यानं म्हणाले, "पंचेचाळीस मिनिटं. वाफा स्वच्छ झाला पाहिजे. हिरवं काही दिसता कामा नये. काही शंका?"

अक्कानं हात वर केला.

"साहेब, पाणी मिळंल का?"

"पिण्याचं तिकडं पिंपात आहे."

"प्यायला नको. मातीला पाहिजे."

खुर्चीतल्या मॅडम हसल्या. साहेबांनी आमच्या उद्यान अधीक्षकांकडं बघितलं, अधीक्षकांनी खांदे उडवले. "घ्या," साहेब म्हणाले. "पण वेळ तोच."

शिट्टी वाजली. तेरा माणसं खुरपी घेऊन वाफ्यावर तुटून पडली. अनसाक्का बादली घेऊन हौदाकडं निघाली. दोन बादल्या आणल्या, हातानं सडा घातल्यासारख्या शिंपडत वाफ्यात जिरवल्या, आणि वाफ्याच्या कडेला मांडी घालून बसली. हात मांडीवर. नुसती बसली.

मी शेजारच्या वाफ्यात होतो. माझं खुरपं चालू होतं.

"अक्का," मी दबल्या आवाजात म्हणालो, "बसलीस काय?"

"मुरू दे की."

"वेळ चाललाय."

"माझा चाललाय, तुझा नाही. तू तुझं बघ."

मुकादम फेऱ्या मारत होता. तो तिच्या मागं येऊन थांबला. "अक्का, हात चालव. साहेब बघायलेत."

"बघू दे. त्यांना त्याचाच पगार आहे."

"अगं, हिरवं दिसता कामा नये म्हणालेत ते, ऐकलंस ना?"

"जालिंदर, तुला लव्हाळा निघाला असता तर तू मुकादम झाला नसतास. सरक, सावली पडायलीय तुझी."

पंधरा मिनिटं झाल्यावर मॅडम उठून आल्या. त्यांच्या हातात पॅड होतं, पॅडवर प्रत्येकाच्या नावापुढं चौकोन. त्या अक्काजवळ येऊन थांबल्या आणि मोठ्यानं बोलल्या, ऐकायला कमी येणाऱ्या माणसाशी बोलतात तसं.

"आजी, थकलात का?"

चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला.

"न्हाई, बाई. पाणी मुरायची वाट बघते."

मॅडमनी पॅडवर काहीतरी लिहिलं आणि गेल्या. काय लिहिलं? 'पाणी मुरायची वाट बघते' असं लिहिलं, का 'काम करत नाही' असं लिहिलं? मला आजही माहीत नाही.

मग अक्कानं खुरपं घातलं. मी तिचे हात नऊ वर्षं बघत आलो होतो, पण त्या दिवशीसारखे कधी बघितले नाहीत. ढेकूळ उचलायची, बोटांत फोडायची, दोरा शोधायची, दोऱ्यावरनं पुढच्या गाठीपर्यंत जायची. गाठ निघाली की पदराच्या झोळीत. माती परत जागेवर, चाळून टाकल्यासारखी भुसभुशीत. ती वाफ्याच्या एका टोकापासून इंच इंच पुढं सरकत होती. तिच्या मागं माती मोकळी, पुढं लव्हाळा तसाच उभा.

माझा वाफा पस्तीस मिनिटांत झाला. मी हाताच्या पंज्यानं माती सारखी केली, वरून थोडी बारीक माती भुरभुरली आणि पाण्याचा हबका मारला. काळाभोर, ताजा, गुळगुळीत वाफा. लग्नाच्या मांडवात सारवलेली जमीन दिसावी तसा.

अक्कानं मान वर करून माझ्या वाफ्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. परत खाली वाकली.

शिट्टी वाजली तेव्हा तिचा जेमतेम निम्मा वाफा झाला होता.

तुम्ही तिघं रांगेनं फिरलात. एका वाफ्यापाशी अर्धा मिनिट, दुसऱ्यापाशी अर्धा मिनिट. माझ्यापाशी गॉगलवाले साहेब थांबले आणि मॅडमना म्हणाले, "हे बघा. याला म्हणतात काम." मला म्हणाले, "नाव काय?"

"अंकुश सोनटक्के."

"छान, सोनटक्के."

मग दहा नंबर. साहेबांनी अर्ध्या वाफ्यातला हिरवा लव्हाळा बघितला आणि जीभ टाळूला लावून च्यक् केलं.

"बाई, हे काय?"

अक्का उठली. गुडघे धरून उठली. पदराची झोळी उघडून त्यांच्यापुढं धरली. दोन-अडीच किलो तरी काळ्या गाठी असतील, मातीचा आणि त्या गाठींचा उग्र वास मला माझ्या जागेवर आला.

"गाठी, साहेब. ह्या एवढ्या खाली होत्या. जेवढं काढलं त्याच्यात आता परत यायचं नाही."

साहेब एक पाऊल मागं सरले. "तुम्हाला वाफा साफ करायला सांगितला होता. गाठी गोळा करायला नाही."

"पण साहेब, गाठ राहिली तर..."

"अपूर्ण," साहेब मॅडमना म्हणाले. मॅडमनी लिहिलं. तुम्ही अकरा नंबरकडं गेलात.

अक्का झोळी धरून तशीच उभी होती. अब्बासभाईनं बादली आणून तिच्यासमोर ठेवली, तेव्हा तिनं गाठी बादलीत ओतल्या. "जाळा ह्या," म्हणाली. "कचऱ्यात टाकल्या तर तिथनं निघतील."

यादी त्याच दिवशी तीन वाजता पंपघराच्या दारावर लागली. सहा नावं. सहावं माझं. खाली एक रेघ मारून 'प्रतीक्षा' असं लिहिलं होतं, तिच्यात पहिलं नाव अनसूया भडकुंबे. म्हणजे सातवी; पंधरा वर्षांच्या कामाचे गुण धरून असेल. प्रतीक्षा कसली, कोण जाणे. तुम्ही पुन्हा कधी भरती केलीत?

अब्बासभाईही सहांत होता. त्यानं यादी दोनदा वाचली आणि अक्काकडं न बघता बिडी शोधायला लागला.

अक्कानं माझ्या पाठीवर थाप मारली. तिच्या हाताला माती होती, शर्टावर पंजा उमटला. "झालं ना तुझं? पोरींना जिलबी घेऊन जा."

मी जिलबी नेली. बायकोनं देवापुढं ठेवली. धाकटीनं विचारलं, बाबा आता साहेब झाले का? सगळे हसले. मी जेवलो नाही, उन्हानं डोकं दुखतंय म्हणालो.

आता मुकादमाच्या चहाची गोष्ट सांगतो. टाळून चालणार नाही.

सोमवारी दुपारी जालिंदर मला फाटकाबाहेरच्या टपरीवर घेऊन गेला. त्याची बहीण माझ्या बायकोच्या गावात दिलेली, तेवढ्या नात्यावर त्यानं मला निवडलं होतं. बशीत चहा ओतून फुंकत म्हणाला, "उद्या लव्हाळा काढायला लावणारेत. अधीक्षकांच्या तोंडून ऐकलंय. नीट ऐक. खाली कुणी हात घालणार नाही. वरून बघणार. मातीच्या दोन बोटं खालून कापायचं, माती ओढायची, पाणी मारायचं. शहाणपणा करून गाठी काढत बसलास तर घरी बसशील."

"अक्काला सांगू?"

जालिंदर हसला. "सांग की. चौदा माणसांत कोण कसं करणार ते मी हिशोबानं बघितलंय. चारजण नक्की. अब्बास पाचवा. सहावा तू, नाहीतर अक्का. आता बघ तुझं तू."

मी चहा संपवला. त्या दिवशी चार वाजता अक्का आणि मी एकाच मेंदीच्या कुंपणावर कात्री चालवत होतो. ती अलीकडून, मी पलीकडून. दोन तास आमच्यामध्ये हातभर झाडी होती. एक वाक्य बोलायचं होतं मला. मी बोललो नाही. रात्रभर मी स्वतःला समजावलं की सकाळी सांगू. आणि सकाळी तिनं सरळ विचारलं, तेव्हा म्हणालो, वेळेवर या म्हणाला.

यादी लागल्यावर पाचवा दिवस, रविवार. एकतीस तारखेपर्यंत सगळ्यांनाच कामावर यायचं होतं. मी कारंज्यामागं गेलो तर माझ्या नऊ नंबरच्या वाफ्यात अनसाक्का बसली होती. वाफ्याला पाणी दिलेलं होतं. सगळ्या वाफ्यात हिरवे कोंब सुईसारखे वर आले होते, आधीपेक्षा दाट. बाकीच्या बाराही वाफ्यांत तेच. तिच्या दहा नंबरमध्ये, जो अर्धा भाग तिनं केला होता त्याच्यात, एक कोंब नव्हता. एक. मी गुडघ्यावर बसून बघितलं.

ती माझ्या वाफ्यातल्या गाठी काढत होती.

"अक्का, राहू दे. मी करतो."

"तुला येत नव्हतं असं नाही," ती वर न बघता म्हणाली. "मीच शिकवलंय. तुझा वाफा बघितला तवाच कळलं मला. तू असं कापणारा माणूस नव्हेस. तुला कुणीतरी सांगितलंय."

मी एक कोंब चिमटीत धरला.

"जालिंदरनं?"

"व्हय."

"चहा पाजून?"

"व्हय."

तिनं एक गाठ दोऱ्यासकट ओढून काढली आणि बाजूला ठेवली. "मला का सांगितलं नाहीस?"

जे होतं ते बोललो. "सहाच जागा होत्या, अक्का. सहावा मी, नाहीतर तू."

मला वाटलं ती शिव्या देईल. तिच्या शिव्या बागेत नावाजलेल्या होत्या, मुकादमसुद्धा त्यांना भिऊन होता. तिनं पुढचं ढेकूळ उचललं.

"सांगितलं असतंस तरी मी असंच काढलं असतं," ती म्हणाली. "माझ्या हाताला दुसरं येत नाही."

माझ्या छातीवरनं काहीतरी उतरायला लागलं होतं. तिनं उतरू दिलं नाही.

"पण ते मला ठरवू द्यायचं होतंस, अंकुश. घरात दोन माणसं खाणारी आहेत माझ्या जिवावर. नवरा बसून आहे, पोरगं कॉलेजात. त्यांच्यासाठी एक दिवस मी खोटं काम केलंही असतं. केलं नसतंही. मला काय माहीत? तू मला विचारलंच नाहीस."

मी तिच्यासमोर बसलो आणि खुरपं घातलं. दुपारपर्यंत आम्ही दोघांनी मिळून तो वाफा काढला. मधे एकदा म्हणाली, "डावीकडं राहिली एक." बस.

सोमवारी सकाळी मी अधीक्षकांच्या केबिनीत गेलो. आयुष्यात पहिल्यांदा न बोलावता गेलो.

"साहेब, पाच मिनिटं कारंज्यामागं चला. वाफे बघा. सगळ्यांचे उगवलेत. भडकुंबेबाईंचा तेवढा उगवला नाही. परीक्षेत खरं काम त्यांनी एकट्यांनीच केलं."

अधीक्षकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माणूस वाईट नव्हता. ते सगळ्यात वाईट. "सोनटक्के, तुझी निवड झालीय ना?"

"झालीय."

"नोकरी नको झाली का?"

"पाहिजे, साहेब."

"मग मी वाफे बघितले, तर काय लिहू? परीक्षा चुकली असं लिहू? परीक्षा चुकली म्हटल्यावर सहाही नावं जातात. पुन्हा परीक्षा होत नाही, कारण मंजुरी एकतीस तारखेपर्यंतच आहे. चौदाच्या चौदा घरी. चालेल? बाहेर जाऊन अब्बासला विचारून ये, चालेल का."

मी दाराकडं बघितलं.

"जा, काम कर," ते म्हणाले. मी गेलो आणि काम केलं.

एकतीस तारखेला अक्कानं खुरपं, कात्री आणि विळा भांडारात जमा केला. सह्या केल्या. फाटकापर्यंत आम्ही सगळे गेलो. अब्बासभाई रडला. ती त्याला म्हणाली, "रडतोस काय, तुला ठेवलंय ना?" मला म्हणाली, "गुलाबाला चुना टाकू नका म्हणून सांग त्या नव्या पोरांना." आणि गेली.

आमचे आदेश जूनमध्ये हातात आले. चार पानं. मला सरकारी मराठी झेपत नाही, म्हणून आस्थापना विभागातल्या कारकुनाकडं गेलो आणि म्हणालो, ही अट नंबर सहा काय आहे? त्यानं वाचून दाखवली. माळी हे पद 'मृत संवर्ग' म्हणून घोषित करण्यात येत आहे.

"मृत म्हणजे?"

"म्हणजे मेलेलं. तुम्ही सहाजण शेवटचे. जो निवृत्त होईल, नाहीतर वारेल, त्याच्याबरोबर त्याची जागाही जाईल. तिथं दुसरा घ्यायचा नाही."

"म्हणजे आम्हाला कायम केलं त्याच कागदावर मारलं?"

"असं बोलू नका," कारकून म्हणाला. "पेढे द्यायचे सोडून."

अब्बासभाई बाहेर बाकावर बसला होता. त्याला सांगितलं. त्यानं कागद हातात घेतला आणि म्हणाला, "अजून मेलो नाही आणि दफनाची जागा मोजून झाली."

त्याची जागा आठ वर्षांनी गेली. मग एकेक करत बाकीच्या गेल्या. अनसाक्का काही वर्षं बंगल्यांच्या बागा तासावर करायची. एका बंगलेवाल्यानं प्लास्टिकचं लॉन बसवलं, दुसऱ्यानं फरशी घातली, तिसऱ्यानं एजन्सी लावली. एजन्सीचं पोरगं महिन्यातनं दोनदा येतं, यंत्र फिरवतं, लव्हाळ्याचे शेंडे उडवतं आणि जातं. अक्का आता बार्शीकडं मुलापाशी असते. फोन केला तर बोलते, माझ्या पोरींची चौकशी करते. त्या मंगळवाराचा विषय तिनं कधी काढला नाही. मी काढायचं धाडस केलं नाही.

आणि गेल्या महिन्यात तुम्ही परत तळ्याच्या बागेत आलात. तेच तुम्ही नसाल, माणसं बदलली असतील. खुर्च्या तशाच होत्या. या वेळी मांडव होता, फलक होता: हरित कौशल्य प्रशिक्षण, उद्यानक्षेत्रातील रोजगाराच्या वाढत्या संधी. चाळीस माणसं समोर बसवली होती, बहुतेक बायका. पडद्यावर चढत्या रेघा दाखवल्यात. शहरं वाढतायत, सोसायट्या वाढतायत, बागा वाढतायत, मागणी प्रचंड आहे. मग माइकवरून तुम्ही म्हणालात, आणि हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, "आज आमच्यापुढची सर्वांत मोठी अडचण म्हणजे कुशल माळी मिळतच नाहीत."

मी मांडवाच्या कडेला उभा होतो. पुढच्या एप्रिलमध्ये माझी जागा जाणार. महापालिकेचा शेवटचा माळी म्हणून मला शाल द्यायला उभं केलं होतं.

शाल घातल्यावर तुम्ही माइक माझ्या हातात दिलात. "सोनटक्के, दोन शब्द सांगा यांना. प्रोत्साहन द्या."

मी काही बोलायच्या आत पहिल्या रांगेतली एक बाई उठली. पस्तिशीची असेल. हाताला भेगा, म्हणजे काम करणारी. तिनं तुमच्याकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं.

"भाऊ, मी सहा वर्षं बागकामच करते. ठेकेदाराकडं. हे प्रमाणपत्र घेतलं की कायम होतं का कुणी? खरं सांगा."

तुमच्यातले एक साहेब फोन बघायला लागले. निवेदिका धावत आली, "प्रश्न नंतर, प्रश्न नंतर," म्हणाली आणि माइकसाठी हात पुढं केला.

मी माइक दिला नाही. म्हणालो, "ताई, माझ्या जागेवर तुम्हाला घेणार नाहीत. ती जागा माझ्याबरोबर पुरणार आहेत, कागद माझ्या घरी आहे, या आणि वाचून जा. परीक्षा झालीच कधी, तर हे वरून बघतात, तेही सांगून ठेवतो. तुम्ही कसं काम करायचं ते तुम्ही ठरवा. बाकी यांना विचारा."

मग मी तुमच्याकडं वळलो आणि विचारलं, "साहेब, होतं का कुणी कायम?"

कुणीतरी पाठीमागून माइकची तार काढली.

बाई अजून उभी होती. कार्यक्रम संपला, तुम्ही गाडीत बसलात, मांडववाल्यानं खुर्च्या उचलायला घेतल्या, तरी ती पिशवी हातात घेऊन तिथंच होती. मला म्हणाली, "त्यांनी सांगितलं नाही." मी म्हणालो, "विचारून सांगतो." तिनं तिचा नंबर माझ्या वहीत लिहून दिला. तिचं नाव मंगल रणदिवे.

तिला मी काय सांगू? तुम्हाला कुशल माळी मिळत नाहीत, तर सातव्या नंबरवर प्रतीक्षेत ठेवलेली ती बाई एकवीस वर्षं कुणाची प्रतीक्षा करत होती? तिच्या चौकोनात त्या दिवशी काय लिहिलंत? आणि मंगल रणदिवे सहा वर्षं जी माती उकरतेय, तिथं तिच्या नावाची एक तरी जागा तुम्ही काढणार आहात का, हो की नाही?

तोंडी नको. सहीशिक्क्यानं द्या. मी बागेतच आहे.